गाडीची रोजनिशी

बंगळुरू शहराच्या उत्तर भागात हेब्बाळ आहे. एका बाजूला जुना तलाव, दुसऱ्या बाजूला कृषी विद्यापीठाच्या आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातील झाडी आणि या दोहोंजवळून जाणारा उड्डाणपूल, असे या भागाचे रूप आहे. बल्लारी मार्ग आणि शहराभोवतीचा बाह्य वर्तुळमार्ग या पुलापाशी एकत्र येतात. मे २००८ मध्ये देवनहळ्ळीजवळ नवा विमानतळ सुरू झाला आणि विमान गाठणारे जवळजवळ सारे शहर या पुलावरून जाऊ लागले. मी गेली अनेक वर्षे येथे राहतो. पुलावर उभ्या असलेल्या गाड्यांची रांग पाहून घरातून किती वाजता निघावे हे ठरविणे, हा येथील रहिवाशांचा नित्यक्रम आहे.

गेल्या वर्षी माझ्या मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण करावयाचे होते. विमा कंपनीच्या प्रतिनिधीने दूरध्वनीवरून एक सवलत सुचविली. मोबाइलमध्ये एक ॲप बसवायचे. गाडी चालविताना ते आपोआप जागे होईल. आपले वाहन चालविणे चांगले आढळल्यास पुढील वर्षी हप्ता कमी होईल. मी सावकाश गाडी चालविणारा मनुष्य आहे. म्हणून मी आनंदाने होकार दिला. ॲपने पाच-सहा गोष्टींची परवानगी विचारली. प्रत्येक वेळी मी ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवीत गेलो. त्याखालचा मजकूर मी वाचला नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

महिना संपल्यावर गुणपत्रक आले. शंभरपैकी एकसष्ट! शाळा सुटल्यानंतर इतके कमी गुण मला प्रथमच मिळाले. कारणे दोन दिली होती. ब्रेक वारंवार जोराने लावला, हे पहिले. रात्री अकरानंतर सात वेळा गाडी चालविली, हे दुसरे. त्या सात रात्री मला चांगल्याच आठवत होत्या. माझी बहीण रुग्णालयात होती आणि भाच्याला घरी पाठवून मी तिच्याजवळ बसत असे. गुणपत्रकात बहीण नव्हती, आजार नव्हता. होती ती फक्त निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ आणि नकाशावरची एक निळी रेघ. ती रेघ रुग्णालयाच्या दाराशी थांबत होती. ही रेघ आणखी कोणी पाहिली असेल, असा विचार मनात आला आणि मी अस्वस्थ झालो.

रोजनिशी लिहिणे ही आपल्याकडील जुनी आणि चांगली सवय आहे. परंतु ती लिहिणारे आपण असतो, काय लिहावे व काय गाळावे हे आपण ठरवितो आणि वही पेटीत ठेवून किल्ली आपल्याजवळ ठेवतो. आता गाडी आपली रोजनिशी लिहू लागली आहे. ती काही गाळत नाही, आणि किल्ली दुसऱ्याकडे असते.

ही रोजनिशी कशी लिहिली जाते, हे थोडक्यात पाहू. आकाशातील उपग्रहांच्या संकेतांवरून उपकरणाला आपली जागा समजते. वेग एकदम वाढला, एकदम घटला किंवा गाडी झटक्याने वळली, तर उपकरणातील एक सूक्ष्म घटक तो धक्का मोजतो. ही सारी माहिती मोबाइलच्या जाळ्यातून दूरच्या संगणकाकडे जाते. उपकरण म्हणजे कधी मोबाइलमधील ॲप असते, कधी चालकाच्या गुडघ्याजवळील खोबणीत बसविलेली काड्यापेटीएवढी डबी असते, तर कधी गाडी कारखान्यातून बाहेर पडतानाच ते तिच्या पोटात असते. शेवटच्या प्रकारात ते आहे हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

या योजनेमागे काही न्याय नाही, असे मी म्हणणार नाही. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील सर्वाधिक मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदविले गेले. बेदरकारपणे गाडी हाकणाऱ्याने आणि जपून चालविणाऱ्याने सारखाच हप्ता का भरावा, हा प्रश्न रास्त आहे. जो निवृत्त मनुष्य आठवड्यातून एकदा बाजारात जातो, त्याने रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्याइतके पैसे का द्यावेत, हा प्रश्न तर त्याहून रास्त आहे. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये या दोन्ही प्रश्नांची दखल घेतली. गाडी किती चालते आणि कशी चालविली जाते यांवर हप्ता ठरविण्याची मुभा प्राधिकरणाने कंपन्यांना दिली. ही मुभा स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या विम्यापुरती आहे. रस्त्यावरील इतरांना होणाऱ्या इजेचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार सक्तीचा आहे आणि त्याचे मूळ दर सरकार ठरविते.

परंतु ‘किती’ आणि ‘कशी’ हे दोन शब्द एकाच दमात उच्चारले गेले, तरी त्यांची जात वेगळी आहे. गाडी किती चालली हे तिच्या समोरच्या फळीवरील आकडा सांगतो. वर्षाच्या आरंभी एक छायाचित्र आणि अखेरीस दुसरे, एवढ्यावर हिशेब होतो. आपण कोठे गेलो, कोणाकडे थांबलो, किती वाजता परतलो, यांतील एकही गोष्ट त्यासाठी लागत नाही. जपून चालविणाऱ्याला बक्षीस द्यावयाचे असेल, तर त्याचीही सोय आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. एक वर्ष नुकसानभरपाई मागितली नाही तर हप्त्यात वीस टक्के सूट मिळते आणि सलग पाच वर्षे मागितली नाही तर ती पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. या व्यवस्थेत कंपनी परिणाम पाहते, माणसाच्या मागे फिरत नाही. ‘कशी’ या शब्दाच्या मागे मात्र सतत फिरावे लागते.

आणि इतके फिरून हाती काय लागते? माझ्या गुणपत्रकातील पहिल्या कारणाकडे पुन्हा पाहू. मी ब्रेक जोराने लावला, हे खरे आहे. हेब्बाळच्या पुलावर चढताना डावीकडून बस आडवी येते, उजवीकडून दुचाकी निसटते, पुढची गाडी एकदम थांबते. तेथे जो ब्रेक लावीत नाही, तो धडकतो. यंत्राला धक्का समजतो, धक्क्याचे कारण समजत नाही. मोकळ्या रस्त्यावर निष्काळजीपणामुळे लावावा लागलेला ब्रेक आणि रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला वाचविण्यासाठी लावलेला ब्रेक त्याच्या वहीत एकाच खुणेने नोंदले जातात. पुलाची रचना, रस्त्याची अवस्था, वाहनांची दाटी यांचा दोष चालकाच्या नावावर मांडला जातो. अशा मोजणीत रिकाम्या रस्त्यांच्या वसाहतीत राहणारा मनुष्य आपोआप सद्गुणी ठरतो.

माझ्यासारख्याचे यात फार बिघडत नाही. चार पैसे जास्त भरून मी मोकळा होतो. ज्याचे पोटच गाडीवर आहे, त्याची गोष्ट वेगळी आहे. आमच्या वसाहतीतील लोकांना विमानतळावर पोहोचविणारे एक टॅक्सीचालक निपाणीकडचे आहेत. गाडी त्यांची नाही, मालकाची आहे. मालकाच्या दहा-बारा गाड्या आहेत आणि प्रत्येक गाडीत डबी बसविलेली आहे. कोणत्या चालकाला किती गुण पडले याचा कागद मालकाकडे येतो. गुण कमी पडले तर विम्याचा हप्ता वाढेल, असे सांगून मालक त्यांच्या पैशांतून काही रक्कम कापून घेतो. मी माझ्या एकसष्ट गुणांची हकीकत सांगितली तेव्हा ते मोठ्याने हसले. म्हणाले, “साहेब, तुम्हाला एकसष्ट तरी हाईत. बस आडवी आली तर ब्रेक मारायचा का धडकायचं, सांगा की! आणि रातची पाळी मी काय हौसेनं घेतोय व्हय? विमानं पहाटं सुटत्यात.”

त्यांच्या या शेवटच्या वाक्यात सारा प्रश्न आला आहे. रात्री अपघाताचा धोका अधिक असतो, हे विम्याचे गणित चुकीचे नाही. पण रात्री गाडी चालविणे हा त्या गृहस्थांचा स्वभाव नाही, तो त्यांचा रोजगार आहे. पहाटेचे विमान गाठणारा प्रवासी झोपेतून उठून त्यांच्या गाडीत बसतो, आणि त्या जागरणाचा दंड मात्र त्यांना भरावा लागतो.

येथे विमा म्हणजे काय, याची आठवण करणे आवश्यक आहे. समजा, एका वाडीत शंभर घरे आहेत आणि दरवर्षी त्यांपैकी कोणत्या तरी एका घराला आग लागते. घर पुन्हा बांधण्यास एक लाख रुपये लागतात. प्रत्येकाने वर्षाला हजार रुपये बाजूला काढले, तर जळालेले घर उभे राहते आणि कोणीही भिकेला लागत नाही. कोणाचे घर जळणार हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून सारे आनंदाने पैसे देतात. आता असा एखादा ज्योतिषी आला की ज्याला पुढील वर्षी जळणारे घर आजच अचूक दिसते, तर काय होईल? नव्व्याण्णव घरे हात आखडते घेतील आणि शंभराव्याला म्हणतील, तुझे तू पाहा. थोडेफार वर्गीकरण विम्यात नेहमीच होते. गवताच्या छपराला कौलापेक्षा अधिक हप्ता पडणारच. पण प्रत्येक माणसाचा धोका वेगळा काढून त्याच्याच पदरात टाकण्याकडे जी वाटचाल चालते, ती विमा सुधारीत नाही, हळूहळू संपवीत नेते. गाडीतील डबी ज्योतिषी नाही, हे खरे. तिला विकत घेणारे मात्र तिच्याकडून ज्योतिषाचीच अपेक्षा करतात.

गाडीचा माग ठेवण्याच्या बाजूने एक युक्तिवाद असा आहे की ज्याला मी सहजासहजी उत्तर देऊ शकत नाही. डिसेंबर २००५ मध्ये याच शहरात कॉल सेंटरमध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीवर गाडीच्या चालकाने बलात्कार करून तिचा खून केला. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत धावत्या बसमध्ये जे घडले, ते सर्वांना ठाऊक आहे. यानंतर २०१६ मध्ये केंद्र सरकारने नियम केला की सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठावठिकाणा कळविणारे उपकरण आणि संकटकाळी दाबावयाचे बटण असावे. दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा यांना त्यातून वगळण्यात आले. एकटी मुलगी रात्री अनोळखी गाडीत बसते तेव्हा ती गाडी कोठे आहे हे कोणाला तरी कळावे, ही मागणी योग्यच आहे. माझी भाची अशा गाडीत बसते तेव्हा मीही घरी बसून नकाशावरचा ठिपका पाहत असतो. परंतु ठावठिकाणा नोंदविण्याचे कारण तेथे प्रवाशाचे रक्षण हे आहे. त्या कारणासाठी घेतलेली माहिती विम्याच्या हिशेबाला, पगाराच्या कपातीला किंवा तिसऱ्याच कोणाला विकण्याला वापरली गेली, तर ज्या मुलीचे नाव पुढे करून ती गोळा केली, तिच्याशीही ते इमान राखणे होत नाही.

असे विकणे कल्पनेतले नाही. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या अमेरिकन वृत्तपत्राने एका वाहनधारकाची हकीकत छापली. त्याचा हप्ता एकाएकी एकवीस टक्क्यांनी वाढला. शोध घेता त्याच्या नावाचा २५८ पानांचा अहवाल एका माहिती विकणाऱ्या कंपनीकडे सापडला. त्यात त्याने आणि त्याच्या पत्नीने सहा महिन्यांत केलेल्या ६४० प्रवासांची नोंद होती : केव्हा निघाले, केव्हा पोहोचले, किती अंतर गेले, कोठे जोराने ब्रेक लावला असे नव्हे, तर किती वेळा लावला. ही माहिती गाडी बनविणाऱ्या जनरल मोटर्सकडून गेली होती. तेथील संघराज्याच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये या कंपनीविरुद्ध कारवाई जाहीर केली, तेव्हा कंपनी गाडीची जागा कधी कधी दर तीन सेकंदांनी टिपत होती, असा आरोप ठेवला आणि अशी माहिती ग्राहकांचे अहवाल बनविणाऱ्या संस्थांना देण्यावर पाच वर्षांची बंदी घालण्याचे ठरविले. बातमी छापून आल्यावर त्याच महिन्यात कंपनीने ती देवघेव थांबविली होती. कोणी वर्तमानपत्रात लिहीपर्यंत ती चालू होती, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे खासगीपणाच्या हक्काची लढाई ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी याच शहरात राहत. कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी २०१२ मध्ये, वयाची पंचाऐंशी वर्षे उलटल्यावर, सर्वोच्च न्यायालयात आधार योजनेविरुद्ध याचिका केली. त्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या ८ जुलै रोजी आणखी एक निकाल लागला होता, आणि तो माझ्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. जामिनावर सुटणाऱ्या आरोपीने आपली जागा गूगलच्या नकाशावर तपास अधिकाऱ्याला दिसेल अशी ठेवावी, ही अट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. निकाल देणारे न्यायमूर्ती होते अभय ओक आणि उज्जल भुयाँ. ठाण्याचे ओक हे त्यापूर्वी येथेच कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवणे घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात बसत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

गुन्ह्याचा आरोप असलेल्या माणसाला जे संरक्षण मिळाले, ते निपाणीच्या त्या चालकाला मिळते काय? कायदेपंडित म्हणतील की तेथे सत्ता सरकारची होती, येथे दोन पक्षांचा करार आहे आणि कराराला संमती असते. हा भेद मला मान्य आहे. म्हणूनच संमती कोणाची, हे विचारले पाहिजे. २०२३ मध्ये संसदेने अंकीय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी लागू करण्यासाठी तेथून अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. कायद्यात चांगल्या गोष्टी पुष्कळ आहेत. संमती स्वेच्छेने, समजून आणि ठरावीक कारणापुरतीच दिलेली असावी. ती जितक्या सहज देता येते तितक्याच सहज परत घेता यावी. सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळावी. मी न वाचता ‘मान्य’ म्हणत गेलो, तो मजकूर मराठीत असता तर कदाचित वाचला असता. निदान तेवढी सबब माझ्याजवळ उरली नसती.

पण याच कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचविण्यासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची मोकळीक आहे. आणि आपल्याविषयीची माहिती पाहण्यास मागण्याचा हक्क, अकराव्या कलमानुसार, ज्याने संमती दिली त्याला आहे. दोन्ही कलमे एकापुढे एक ठेवून वाचली की ध्यानात येते : ज्याला विचारलेच नाही, त्याला पाहण्याचाही अधिकार नाही. गाडीचा मालक सही करतो, कंपनी सवलत देते, आणि जो दिवसाचे बारा तास त्या आसनावर बसतो तो या व्यवहारात कोठेच नसतो. त्याची रोजनिशी मात्र सर्वांजवळ असते.

माझ्या मते येथे कायदा बदलला पाहिजे. गाडी चालविणाऱ्याची नोंद, गाडी कोणाचीही असो, त्याला पाहता आली पाहिजे आणि त्या नोंदीपुढे आपले म्हणणे लिहिता आले पाहिजे. ज्या नोंदीला उत्तर देता येत नाही तिच्यावरून पैसे कापणे, हे आरोपीला न ऐकता शिक्षा देण्यासारखे आहे. विम्याच्या कामासाठी रस्त्याचे नाव आणि थांबण्याचे ठिकाण कधीच मागू नये. वेग आणि ब्रेक यांचा हिशेब डबीने स्वतःच्या पोटात करावा आणि बाहेर फक्त गुण पाठवावेत. यंत्रांना हे आज अवघड नाही. अवघड एवढेच आहे की मग विकण्यासारखे काही हाती उरत नाही.

मी ॲप काढून टाकले. यंदा किलोमीटरच्या आकड्यावर चालणारे विमापत्र घेतले आणि गाडीच्या फळीचे छायाचित्र पाठवून दिले. निपाणीच्या गृहस्थांना असा पर्याय नाही. गेल्या महिन्यात ते घरी आले आणि आपली सहा महिन्यांची नोंद मालकाकडे मागणारा अर्ज लिहून द्या, असे म्हणाले. कायद्याने ती मिळण्याची खात्री नाही, हे मी त्यांना सांगितले. “असू दे की. मागून तर बघू,” ते म्हणाले. अर्ज मराठीत लिहावा की कन्नडमध्ये, यावर थोडी चर्चा झाली. मालक तुमकूरचे असल्याने तो कन्नडमध्ये लिहिला, आणि माझ्या अक्षरातील दोन चुका त्यांनीच दुरुस्त केल्या. उत्तर अद्याप आलेले नाही.